छोट्या कर्जाने गरिबी हटते का? संशोधन वाचण्याविषयीचे सहा गैरसमज

२००६ साली मुहम्मद युनूस आणि बांगलादेशची ग्रामीण बँक यांना शांततेचं नोबेल मिळालं. गरीब बाईला तारणाशिवाय छोटं कर्ज दिलं की घर सावरतं, या कल्पनेवर जगाने जणू शिक्कामोर्तब केलं. विकास-अभ्यासाचा विद्यार्थी या विषयाकडे वळला की मात्र भांबावतो. एक निबंध म्हणतो गरिबी घटते, दुसरा म्हणतो काहीच होत नाही, आणि दोन्ही नामवंतांचे. हा गोंधळ बऱ्याच अंशी आपण निबंध कसे वाचतो त्यातून येतो. म्हणून वाचनाविषयीचेच काही गैरसमज या एका वादाच्या आधारे तपासू.

गैरसमज १ : प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आलं, म्हणजे सिद्ध झालं.

वस्तुस्थिती : मार्क पिट आणि शाहिदूर खांदकर यांचा निबंध १९९८ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या अर्थशास्त्रातल्या अग्रगण्य नियतकालिकात आला. बांगलादेशातल्या १९९१-९२च्या सर्वेक्षणावरून त्यांनी हिशोब मांडला : बाईने घेतलेल्या दर १०० टका (बांगलादेशचं चलन) कर्जामागे घराचा वार्षिक खर्च १८ टका वाढतो, पुरुषाने घेतलेल्या कर्जामागे ११ टका. हा आकडा पुढे भाषणांत आणि अहवालांत वर्षानुवर्षं फिरत राहिला.

पण तुलना कुणाशी होती? अर्ध्या एकरापेक्षा जास्त जमीन असलेल्यांना कर्ज द्यायचं नाही, असा नियम होता. विश्लेषणाची मोठी भिस्त त्या नियमावर होती. जोनाथन मॉर्डक यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की नियम कागदावर होता. जास्त जमीनवाल्या अनेक घरांतही कर्ज पोचलं होतं. परीक्षक तज्ज्ञ युक्तिवाद तपासतात, मूळ माहिती घेऊन सगळा हिशोब पुन्हा करून पाहणं एरवी त्यांच्या कामात बसत नाही. ‘कुणाच्या तुलनेत?’ हा प्रश्न त्यामुळे वाचकालाच विचारावा लागतो.

गैरसमज २ : खोडून काढणारा निबंध आला की वाद मिटला.

वस्तुस्थिती : २००९ मध्ये डेव्हिड रुडमन आणि मॉर्डक यांनी तोच हिशोब पुन्हा केला. उत्तर उलटं आलं, वाढीच्या जागी घट. अनेकांनी तेवढंच वाचून जुना निबंध बाद ठरवला. २०११ मध्ये पिट यांनी टीकाकारांच्याच हिशोबातली चूक दाखवली आणि टीकाकारांनी ती मान्य केली. दुरुस्तीनंतर आकडे मूळ निबंधाशी जुळले.

तरी गोष्ट तिथे संपली नाही. दुरुस्त हिशोब घेऊन रुडमन आणि मॉर्डक यांनी आणखी खोदलं, तेव्हा दिसलं की सर्वात जास्त खर्च करणारी थोडी घरं वगळली की तो परिणाम नाहीसा होतो. हे २०१४ मध्ये छापून आलं. या साखळीतला एकच दुवा वाचणाऱ्याच्या हाती चुकीचं उत्तर लागलं असतं, मग तो दुवा पहिला असो वा दुसरा. निबंधाबरोबर त्यावरचं उत्तर आणि प्रत्युत्तरही शोधून वाचायला हवं.

गैरसमज ३ : ‘परिणाम आढळला नाही’ म्हणजे कर्ज निरुपयोगी.

वस्तुस्थिती : अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेतल्या १०४ वस्त्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांतल्या निम्म्या निवडल्या आणि तिथे स्पंदना या मायक्रोफायनान्स कंपनीने २००६-०७ मध्ये कर्जवाटप सुरू केलं. साधारण १५ ते १८ महिन्यांनी पाहणी झाली. घरखर्चाच्या सरासरीत ठळक फरक नव्हता. आरोग्य, मुलांचं शिक्षण, बाईचा घरातला शब्द यांतही नव्हता. बातम्यांनी एवढंच उचललं.

आतले तक्ते वाचले की चित्र बदलतं. कंपनी गेली त्या वस्त्यांत सुमारे २७ टक्के घरांकडे मायक्रोफायनान्सचं कर्ज होतं. गेली नाही तिथेही सुमारे १८ टक्क्यांकडे होतंच, इतर कंपन्यांचं. म्हणजे हा निष्कर्ष कर्ज घेणारे आणि न घेणारे यांच्यातल्या तुलनेचा नाही. वस्तीत आणखी एक कंपनी आल्याने काय बदललं, एवढंच तो सांगतो. शिवाय टिकाऊ वस्तूंवरचा खर्च वाढला होता, पान-तंबाखू-चहावरचा घटला होता, आणि आधीपासून चालणाऱ्या धंद्यांपैकी वरच्या थोड्यांचा नफा चांगलाच वाढला होता. सरासरीच्या एका आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. केवळ गोषवारा वाचून थांबणं इथेच महागात पडतं.

गैरसमज ४ : प्रयोगातून आलेलं उत्तर सगळीकडे लागू होतं.

वस्तुस्थिती : २०१५ मध्ये हैदराबादच्या अभ्यासाबरोबर बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले असेच अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. बहुतेकांचा सूर सारखा होता : थोडा फायदा, कायापालट नाही. इतक्या वेगळ्या देशांत उत्तर जुळलं, त्यामुळे त्यावरचा विश्वास वाढतो.

म्हणून ते जसंच्या तसं महाराष्ट्रातल्या बचत गटाला लावायचं का? कंपनीचं कर्ज पहिल्या दिवसापासून हप्त्यावर चालतं. बचत गटात आधी बायका स्वतः पैसे साठवतात, आपसांत कर्ज देतात, मग बँक येते. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून ही जोडणी सुरू केली. व्यवस्था वेगळी, म्हणून प्रश्नही नव्याने मांडावा लागतो. अँगस डीटन आणि नॅन्सी कार्टराइट यांनी २०१८ मध्ये हेच बजावलं : एका ठिकाणी काय घडलं हे कळलं, तरी ते कशामुळे घडलं हे कळल्याशिवाय दुसरीकडचा अंदाज बांधता येत नाही.

गैरसमज ५ : मोठे आकडे नसलेला अभ्यास म्हणजे किस्से.

वस्तुस्थिती : कर्ज बाईच्या नावावर, पण पैसा कुणाच्या हातात? अ‍ॅन मेरी गोट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्ये बांगलादेशातल्या कर्जदारांशी बोलून हा प्रश्न पुढे आणला. बऱ्याच कर्जांचा ताबा पुरुष नातेवाइकांकडे होता. ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ या २००९च्या पुस्तकासाठी बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेच्या आसपास घरांशी वर्षभर, दर पंधरवड्याला बोलून पैशांची ये-जा टिपली गेली. त्यातून समजलं की गरीब घराची मोठी अडचण मिळकत कमी असणं एवढीच नसते, ती अनियमित असणंही असते. छोटं कर्ज बरेचदा ते खड्डे बुजवायला वापरलं जातं. मोठ्या सर्वेक्षणांना काय विचारायचं, हे अशा अभ्यासांतून ठरतं.

गैरसमज ६ : चिकित्सक वाचन म्हणजे कशावरच विश्वास न ठेवणं.

वस्तुस्थिती : या वादातून हाती काहीच लागलं नाही, असं नाही. छोट्या कर्जाने सरसकट गरिबी हटते, या दाव्याला आज भक्कम आधार नाही. ते सर्वांना बुडवतं, हेही या अभ्यासांत दिसत नाही. थोड्यांचा धंदा वाढतो, अनेकांना हात मोकळा मिळतो, बहुतेकांची मिळकत होती तिथेच राहते. हे उत्तर दोन्ही टोकांच्या घोषणांपेक्षा कमी आकर्षक आहे, पण धोरण आखणाऱ्याला जास्त उपयोगी आहे : कर्जावर गरिबी निर्मूलनाची सगळी जबाबदारी टाकू नका, आणि मिळकत सांभाळायला त्याची जी मदत होते ती काढूनही घेऊ नका.

हे कुठल्याही एका निबंधाच्या गोषवाऱ्यात सापडत नाही. कुणाच्या तुलनेत, किती काळानंतर, कुठल्या ठिकाणी, सरासरीआड कोण दडलंय आणि नंतर कुणी काय उत्तर दिलं, हे पाच प्रश्न विचारत सात-आठ निबंध शेजारी ठेवून वाचावे लागतात. पहिल्या दोनचारांना वेळ लागतो. पुढे तक्त्यांकडे नजर आपोआप आधी जाते.