सरकती संक्रांत

फिरकी त्या कोपऱ्यात ठेव, चिमणे. बंड्या, तूही पतंग उतरव. पावणेएक वाजलाय. आता आपापल्या सावल्या बघा.

उत्तरेकडे पडल्यात, आणि लांबीला जवळजवळ तुमच्या उंचीएवढ्या. बडोद्याची खरी माध्यान्ह ही. देशाचं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर. तिथली माध्यान्ह आपल्यापर्यंत पोचायला 37 मिनिटं लागतात. उरलेली आठ-नऊ मिनिटं कुठून आली, ते तुम्ही आठवीत गेलात की सांगेन.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या वर्षातल्या सगळ्यात जवळ होती, 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. जुलैत हेच अंतर 50 लाख किलोमीटरनी वाढतं. मग स्वेटर आत्ता का चढवलेत? आणि पन्हं मे महिन्यात का लागतं?

ही सगळी करणी कलाची. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे. सध्या उत्तर ध्रुव सूर्यापासून पलीकडे झुकलाय, म्हणून आपल्याकडे ऊन तिरपं पडतं, पसरून पातळ होतं, आणि दिवसही लहान. जूनच्या पहिल्या आठवड्यात याच गच्चीवर या. कर्कवृत्त अहमदाबादच्याही उत्तरेला आहे, म्हणजे सूर्याला तिकडे जाताना आपल्या डोक्यावरूनच जावं लागतं. एका दुपारी, साडेबारा उलटले की, ताठ काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात परततानाही तेच, पण तेव्हा ढग बघू देतील तर ना! दिल्लीकरांच्या नशिबी मात्र हे कधीच नाही.

आता आजच्या सणाचं. सूर्य उत्तरेकडे वळला तो 21-22 डिसेंबरलाच. मग उत्तरायण आज का? भोवरा मंदावला की त्याची मान गोल डोलते, बघितलंय ना? पृथ्वीचा आसही तसाच डोलतो, पण एका फेरीला जवळपास 26,000 वर्षं घेतो. आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरते, ऋतू ठरतात आसाच्या कलावरून. या डोलण्यामुळे ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा 20 मिनिटांनी मोठं भरतं. सुमारे 72 वर्षांत एक दिवसाचा फरक! साधारण 1700 वर्षांपूर्वी संक्रांत आणि सूर्याचं उत्तरेकडे वळणं एकाच दिवशी यायचं.

विवेकानंद जन्मले 1863 सालच्या संक्रांतीला, तेव्हा तारीख होती 12 जानेवारी. आणि लोक ठासून सांगतात की पानिपत ऐन संक्रांतीला झालं. आपले दमाजीराव गायकवाड त्या लढाईत होते, जिवंत परतले. लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला, हे खरंच. पण त्या वर्षी संक्रांत 10 तारखेलाच होऊन गेली होती. बाविसाव्या शतकात ती 16 जानेवारीलाही येऊ लागेल. तुमच्या नातवंडांनी पतंग कधी आणायचे, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.