लेकराच्या छातीतली गाठ : आधी तपासणी, मग शस्त्रक्रिया

एका बचत गटातल्या ताईंनी विचारलंय, "भाच्याच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर तुकडा काढून तपासायचा म्हणतात. सासूबाई म्हणतात, गाठीला सुई लावली की ती पसरते. काय करावं?" आज त्याबद्दलच बोलू या.

दोन फुप्फुसांच्या मधे जी जागा असते, तिथं मुलांच्या छातीतल्या बऱ्याच गाठी होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मूल खोकतं, त्याला धाप लागते. आपल्याला वाटतं, सर्दीच आहे. दोन-तीन आठवडे औषध देऊनही खोकला हटला नाही, तर छातीचा एक्स-रे काढायला सांगा.

काही खुणा मात्र थांबू देत नाहीत. उताणं झोपवलं की मूल गुदमरतं, बसूनच झोपतं. चेहरा आणि मान सुजते, गळ्याच्या शिरा फुगतात. किंवा पायातली ताकद जाते, चालता चालता अडखळतं. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. नेताना बसवून न्या, बळेच आडवं करू नका.

आता ताईंचा प्रश्न. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. टीबीनंसुद्धा छातीतल्या गाठी सुजतात. त्याला गोळ्या लागतात, ऑपरेशन नाही. लिम्फोमा हा कॅन्सर आहे, पण तो मुख्यतः केमोथेरपीनं बरा होतो. तिथं सर्जन फक्त तपासणीपुरता तुकडा काढतात. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या गाठी होतात, त्या बहुधा काढाव्या लागतात. गाठ फार मोठी असेल, तर आधी केमो देऊन ती लहान करतात. काही गाठी साध्या असतात, पूर्ण काढल्या की काम संपतं. म्हणजे गाठ कसली हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. सुईनं गाठ पसरण्याची शक्यता फार थोडी. वाट बघण्यात वेळ गेला तर गाठ वाढते, हा धोका खरा.

ऑपरेशन करताना बरगड्यांच्या मधून किंवा छातीच्या मधल्या हाडातून वाट करतात. काही गाठी दुर्बिणीनं, छोट्या छिद्रांतून निघतात. नंतर काही दिवस छातीत नळी असते, ती बाटलीला जोडलेली असते. आईनं लक्षात ठेवायचं ते एवढंच : बाटली कायम छातीच्या खालच्या पातळीला ठेवायची, नळी ओढली जाऊ द्यायची नाही. दुखतं म्हणून मूल खोकत नाही, आणि कफ साचतो. म्हणून दुखणं थांबवायचं औषध वेळेवर मागा. डॉक्टर सांगतील तसं मुलाला बसवा, दीर्घ श्वास घ्यायला लावा.

खर्चाची भीती वाटते ना? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या, योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतात, त्यांना भेटा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मुलांच्या कॅन्सरचा वेगळा विभाग आहे.

ताई, सासूबाईंनाही सोबत न्या. डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा, "गाठ कसली आहे, आणि आधी काय करणार?" उत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, की त्यांचीही भीती कमी होईल.