डेव्ह साँडर्सचे एकटेपण

लेखकाचे चरित्र दाराबाहेर ठेवून कथा वाचावी, असा दंडक आपल्या विद्यापीठीय समीक्षेत बराच काळ चालत आला. रिचर्ड राईटची ‘द मॅन हू वॉज ऑलमोस्ट अ मॅन’ ही कथा या दंडकाने वाचली की हाती काय लागते, ते मी वर्गात पाहतो. १७ वर्षांचा डेव्ह साँडर्स २ डॉलरला जुने पिस्तूल घेतो, नांगरणीच्या वेळी ते उडवून पाहतो, मालकाचे खेचर मरते आणि रात्री तो पळून जातो. “मूर्खच आहे, सर,” असे विद्यार्थी म्हणतात. गाइडे तेच जरा शिष्ट भाषेत सांगतात : पौगंडावस्थेतील एकाकीपण.

एकाकीपण आहे, पण ते वयातून आलेले नाही. ते मजुरीच्या हिशेबातून आलेले आहे. डेव्ह हॉकिन्स या गोऱ्या मालकाच्या शेतात राबतो आणि मजुरी जमा होते आईकडे. स्वतःच्या घामाचे २ डॉलर त्याला आईची मनधरणी करून मिळवावे लागतात. खेचर मेल्यावर जमलेले लोक त्याला हसतात. हॉकिन्स भरपाई ठरवतो : एकूण ५० डॉलर, महिन्याला २. म्हणजे २५ महिने मेलेल्या जनावरासाठी राबायचे. माझे वडील सालदार होते. एका पाडव्याला घेतलेली उचल पुढच्या पाडव्यालाही कशी फिटत नाही, हे ज्याने घरात पाहिले त्याला हा आकडा फोड करून सांगावा लागत नाही.

राईटलाही तो कोणी सांगितला नव्हता. त्याचा जन्म १९०८ चा, मिसिसिपीतील नॅचेझजवळच्या मळ्यावरचा. आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले. वडील नेथन निरक्षर, अर्धेलीने जमीन कसणारे. आई एला शिक्षिका. पुढे मेम्फिस शहरात वडील कुटुंब टाकून गेले आणि भूक घरात राहायला आली. १९१६ साली आर्कान्सामधील एलेन गावी मावशीचे यजमान सायलस हॉस्किन्स यांचा गोऱ्यांनी खून केला. त्यांचा चांगला चाललेला धंदा गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपत होता. कुटुंब तिथून जीव मुठीत धरून पळाले. अशा मुलखात काळ्या मुलाने मान वर करणे म्हणजे सगळ्या घराचे मरण. म्हणून आईबापच त्याची मान आधी दाबतात. डेव्हचा बाप त्याला झोडपण्याची भाषा करतो ती या भयातून. राईटची आजी कर्मठ ॲडव्हेंटिस्ट पंथाची. गोष्टीची पुस्तके तिला सैतानाचे काम वाटे. स्वतःच्या घरात परके होणे राईटने भोगले होते, म्हणूनच त्याने कथेतल्या काळ्या कुटुंबाला गोंजारले नाही. (आपल्यातल्या काही लेखकांना हे अजून जड जाते.)

मेम्फिसमध्ये राईटने एका गोऱ्या सहकाऱ्याचे वाचनालयाचे कार्ड मिळवले आणि त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहून, आपण नुसते निरोपे आहोत असे दाखवत पुस्तके आणली. डेव्हच्या हाती या कथेत छापील अशी एकच गोष्ट येते : दुकानाचा मालाचा कॅटलॉग. त्यात बंदुकांची चित्रे आहेत. माणूस होण्याचा दुसरा कोणता मार्ग त्याला कोणी दाखवला होता?

शेवटी तो पुरलेले पिस्तूल उकरतो, उरलेल्या गोळ्या झाडतो. आणखी एक असती तर हॉकिन्सच्या घरावर झाडली असती, असे त्याच्या मनात येते. मारायला नव्हे, डेव्ह साँडर्स माणूस आहे हे कळवायला. रुळांकडे जाताना तो पुन्हा तोच हिशेब करतो, महिन्याला २ डॉलर, आणि धावत्या गाडीवर उडी घेतो. राईट स्वतः १९२७ साली शिकागोला गेला. ही कथा १९४० साली प्रथम छापली गेली. त्याच वर्षी त्याने सुमारे २५ वर्षांनंतर वडिलांना पाहिले. ते मिसिसिपीच्या त्याच लाल मातीत उभे होते, फाटक्या कपड्यांत, हातात चिखलाने भरलेले कुदळे घेऊन.

डेव्हची गाडी कुठे जाते, हे राईट सांगत नाही. पिस्तूल त्याच्या खिशात आहे, रिकामे.