शुक्राणूंवरील शर्करेचे आवरण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वीर्य आणि शर्करा यांचा विषय निघाला की सर्वसाधारण समजूत आहाराशीच थांबते. दूध-खडीसाखरेने ‘धातू’ पुष्ट होतो असे काही मानतात, तर गोड खाल्ल्याने शुक्राणू दुबळे होतात असे इतर काही. अनियंत्रित मधुमेह पुरुषाच्या प्रजननक्षमतेस बाधक ठरतो, हे खरे. परंतु वीर्यातील प्रमुख शर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, ताटातून थेट तेथे पोहोचत नाही. मूत्राशयामागील शुक्राशय नावाच्या दोन ग्रंथी रक्तातील ग्लुकोजपासून ती तयार करतात, आणि म्हणूनच ज्या वीर्यात शुक्राणूंबरोबर फ्रुक्टोजही आढळत नाही, तेथे वीर्यमार्ग बंद असल्याची किंवा शुक्राशय जन्मतःच नसल्याची शंका वैद्य घेतात.

शर्करा म्हणजे केवळ इंधन, हा समज अधिक सूक्ष्म आणि म्हणून अधिक टिकाऊ आहे. प्रत्यक्षात शर्करेचे रेणू साखळ्यांच्या रूपाने प्रथिनांना आणि मेदांना जोडले जातात व शुक्राणूच्या पृष्ठभागावर त्यांचे दाट आवरण तयार होते. वृषणात सुमारे अडीच महिन्यांत घडलेला शुक्राणू तेथून बाहेर पडतो तेव्हा तो परिपक्व असतो, असेही अनेकांना वाटते. वस्तुतः त्या वेळी त्याला नीट पोहताही येत नाही. वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणात, म्हणजे उलगडल्यास सुमारे सहा मीटर भरेल अशा वेटोळ्या नळीत, तो काही दिवस पुढे सरकत राहतो आणि त्या प्रवासात नळीच्या पेशींनी स्रवलेली शर्करायुक्त प्रथिने त्याच्यावर चढत जातात. यांपैकी ‘बीटा-डिफेन्सिन १२६’ या प्रथिनाच्या शर्करा-साखळ्यांच्या टोकाशी सियालिक आम्ल असते. त्याच्या ऋणभारामुळे शुक्राणूला गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून वाट काढणे सुकर होते.

शुक्राणूंची संख्या आणि हालचाल ठीक असली म्हणजे पुरुषात दोष नाही, हा निष्कर्ष येथेच डळमळतो. या प्रथिनाच्या जनुकातील दोन घटक गळालेल्या प्रकाराचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पुरुषांत जनुकाच्या दोन्ही प्रती अशा होत्या, त्यांच्या शुक्राणूंची संख्या व हालचाल इतरांसारखीच असूनही आवरण विरळ होते, आणि चीनमधील जोडप्यांच्या पाहणीत अशा पुरुषांच्या पत्नींना गर्भधारणा होण्यास अधिक काळ लागला. विशेष म्हणजे हा जनुकप्रकार दुर्मीळ नाही.

आवरण जितके दाट तितके चांगले, असेही मात्र नव्हे. स्त्रीच्या जननमार्गात शुक्राणूला फलनक्षमता येते त्या टप्प्यावर, १९५१ मध्ये ऑस्टिन आणि चँग यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलेल्या प्रक्रियेत, या आवरणाचा काही भाग गळून पडावा लागतो. तो गळाला नाही तर शुक्राणू बीजांडाला ओळखून चिकटू शकत नाही. शर्करेची भाषा बीजांडाच्या बाजूलाही आहे, कारण मानवी बीजांडाभोवतीच्या कवचावरील ‘सियालिल-लुईस एक्स’ ही शर्करा-साखळी शुक्राणूला बांधून ठेवण्यात भाग घेते, असे २०११ मध्येच आढळले.

वीर्याच्या नेहमीच्या तपासणीत या आवरणाची पाहणी होत नाही आणि ते दाट करणारे सिद्ध औषध वा चूर्णही उपलब्ध नाही. त्यामुळे वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास केवळ पत्नीला दवाखान्यात पाठवण्याऐवजी दोघांचीही तपासणी एकाच वेळी करून घ्यावी.