मोबाईल, मुलें आणि घरचा धाक

मूल घरांतच, डोळ्यांसमोर बसलें आहे, हें समाधान पूर्वी पुरेसें होतें. आतां तें तसें राहिलेलें नाहीं. माजघरांत आजीच्या शेजारीं मांडी घालून बसलेला दहा वर्षांचा मुलगा त्याच क्षणीं मोबाईलवरील एखाद्या खेळांत कोणत्या परक्या इसमाशीं बोलत आहे, याचा पत्ता आजीला नसतो. आणि पुष्कळदां त्या मुलासहि नसतो.

अशा इसमाची रीति बहुधा ठराविक असते. प्रथम तो समवयस्काचें सोंग घेतो. फोटो दुसऱ्याचा, वय खोटें. खेळांत मदत करतो, घरांत कोणी करीत नाहीं इतकें कौतुक करतो. मग सर्वांच्या देखतचें बोलणें सोडून खासगी संवादावर नेतो, आणि ‘हें घरीं सांगूं नकोस’ असें हळूच सुचवितो. पुढें एखादें नको तसलें छायाचित्र मागतो. तें हातीं आलें कीं सूर पालटतो : पैसे दे, किंवा आणखी चित्रें दे, नाहीं तर हें तुझ्या बाबांना आणि वर्गांतल्या मुलांना पाठवितों. अलीकडे तर साध्या चेहऱ्याच्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें खोटें अश्लील चित्र बनवितां येतें. म्हणजे मुलानें कांहींहि पाठविलेलें नसतांना धमकी देतां येते. असे फोटो त्यास मिळतात कोठून? मुंजींतल्या बटूचीं उघड्या अंगाचीं छायाचित्रें, शाळेचें नांव दिसणारा गणवेश, वाढदिवसाची तारीख, हें सारें हौसेनें जगापुढें मांडणारे हात बहुधा मामा-मावशींचे आणि (रागावूं नये) आजोबांचेच असतात.

या व्यवहारांत त्या इसमाचें भांडवल एकच : मूल घरीं सांगणार नाहीं, ही खात्री. आणि ती खात्री त्याला आपणच पुरवितों. कांहींहि झालें तरी ‘मोबाईल काढून घेईन’ ही आपली पहिली शिक्षा. मुलाचा हिशेब सरळ असतो : सांगितलें तर मोबाईल जाईल, मित्र जातील, वर बोलणीं खावीं लागतील, न सांगितलें तर कदाचित् निभावून जाईल. एकत्र कुटुंबांत तर भीति दुप्पट. एकास सांगितलेली गोष्ट सायंकाळपर्यंत काका, आत्या, आजी सर्वांस कळते आणि रात्रीं जेवणाच्या पंक्तींत तिचा विषय निघतो. यासाठीं घरांत एक तरी माणूस असा असावा, कीं ज्याच्या कानीं घातलेली गोष्ट पंक्तींत येत नाहीं. मग ती काकू असो वा थोरला चुलतभाऊ. तो माणूस कोण, हें मुलास आधींच सांगून ठेवावें. खरें सांगितल्याबद्दल मोबाईल जाणार नाहीं, असें वचन द्यावें, आणि तें पाळावें. पाळणें कठीण जातें, हें मी जाणून आहें.

पांच वर्षें लाड, दहा वर्षें ताडन आणि सोळाव्या वर्षापासून मित्रत्व, असा क्रम सांगणारें चाणक्याच्या नांवावरचें सुभाषित आमच्या पिढीस तोंडपाठ आहे. संस्कृतावरील माझी भक्ति कमी नाहीं. परंतु आजचीं धोक्याचीं वर्षें नेमकीं त्या मधल्या दहांत पडतात. या विषयापुरतें तरी मित्रत्व सोळाव्या वर्षापर्यंत तहकूब ठेवतां येत नाहीं.

प्रसंग ओढवलाच, तर पैसे मुळींच देऊं नयेत. एकदां दिले कीं मागणी वाढत जाते. संदेश पुसूं नयेत, तो पुरावा आहे. मात्र तें चित्र सल्ल्यासाठींहि कोणा नातलगास पाठवूं नये. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक अहोरात्र विनामूल्य चालतो. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावें. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे नोंदणीच्या संकेतस्थळावर बालकांविषयींची तक्रार नांव न देतांहि करतां येते. अमेरिकेतील एका संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवाहि उपयोगी आहे. तींत चित्र कोणाकडे पाठवावें लागत नाहीं. त्याची केवळ आंकड्यांची खूण तयार होऊन फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सहभागी माध्यमांकडे जाते, व त्या खुणेवरून तें चित्र ओळखून काढतां येतें. ‘घराण्याचें नांव निघेल’ म्हणून गप्प बसणाऱ्यांनीं हेंहि लक्षांत घ्यावें, कीं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें पीडित बालकाचें नांव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास वृत्तपत्रांस मनाई केलेली आहे.

राहिला प्रकृतीचा प्रश्न. एक वर्षाखालील मुलास पडदा दाखवूंच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांतून एका तासाहून अधिक दाखवूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें सांगितलें आहे. मोठ्या मुलांच्या बाबतींत मला झोपेची काळजी अधिक वाटते. पांघरुणांत शिरलेला मोबाईल झोप मोडतो, आणि धमकीचा संदेश वाचणारें मूल त्या वेळीं अगदीं एकटें असतें. रात्रीं दहा वाजतां घरांतील सर्वांचे मोबाईल दिवाणखान्यांतील एकाच फळीवर ठेवावेत. पहिला मोबाईल आजोबांचा असावा.