किलोभर चिकनमधून ताटात किती येतं?

रविवारी बारा माणसं जेवायला येणार म्हटलं की पहिला प्रश्न पडतो, चिकन किती आणायचं? अंदाज चुकतो तो बहुधा वजनांची गल्लत झाल्यामुळे. एकाच कोंबडीची तीन वजनं असतात: जिवंत, कटिंग केल्यानंतरचं, आणि शिजल्यावर हाडं बाजूला काढून उरतं ते.

दुकानात कोंबडी जिवंत तोलली असेल, तर पिसं, रक्त, डोकं, पाय, आतडी आणि कातडी गेल्यावर ब्रॉयलरचं साधारण 65 टक्के वजन हाती येतं. म्हणजे दोन किलोच्या कोंबडीचं 1.3 किलो. भावही याच हिशेबाने बघावा. समजा, जिवंतचा भाव किलोला 140 रुपये आहे. दोन किलोचे 280 झाले आणि पिशवीत आलं 1.3 किलो, म्हणजे चिकन पडलं 215 रुपये किलोने. शेजारच्या दुकानात स्किनलेस 210 ला मिळत असेल, तर तेच स्वस्त. कलेजी-पेटा वजनात धरलाय की वेगळा, हेही विचारून घ्यावं.

पुढचा हिशेब मी एकदा घरच्या काट्यावर करून पाहिला. स्किनलेस करी कट बरोबर एक किलो घेतलं, नुसतं मीठ-हळद लावून शिजवलं, निथळून तोललं. भरलं 750 ग्रॅम. मग एकेक तुकडा हाताने सोलला. मानेच्या आणि पाठीच्या तुकड्यांना मांस जेमतेम, छातीच्या तुकड्यांत हाड नावाला. शेवटी हाडांचा ढीग 260 ग्रॅम आणि मांस 490. किलोचं अर्धा किलो! त्या दिवसापासून मी हाच आकडा धरून चालते.

हाडांव्यतिरिक्त जे घटलं ते मुख्यतः पाणी. उष्णतेने मांसाचे धागे आकसतात आणि आतलं पाणी पिळून निघतं. रश्श्यात ते वाया जात नाही, उलट रश्श्याची चव त्यातच असते. तंदुरी किंवा सुक्क्यात मात्र ते उडून जातं, म्हणून तिथे हात जरा सैल सोडावा.

आता बारा माणसं. भाकरी, भात आणि भरपूर रस्सा असेल तर माणशी 200 ग्रॅम करी कट पुरतं. पण आग्रह करून वाढायचं तर 250 धरावं. बारांना तीन किलो, म्हणजे सव्वादोन-अडीच किलोच्या दोन जिवंत कोंबड्या. बोनलेस असेल तर माणशी 150 ग्रॅम चालतं. बिर्याणीला किलो तांदळाला किलो ते दीड किलो चिकन.

गावरान कोंबडीला मात्र हा हिशेब लावू नये. तिची छाती अरुंद, अंगावर मांस कमी, आणि दीड किलोची कोंबडी कापली की किलोभरही हाती येत नाही. तिची गोडी रश्श्यात आहे, त्यामुळे तुकडे कमी पडले तरी कुणी तक्रार करत नाही. शिजायला मात्र बराच वेळ द्यावा.

आणि एक गोष्ट वजनात कधीच दिसत नाही: एका कोंबडीला तंगड्या दोनच. पंक्तीत सहा मुलं असतील, तर दोन कोंबड्यांबरोबर दोन सुट्या तंगड्या आधीच मागून ठेवाव्यात.