महाशीरची मत्स्यपारध

गळ, दोर व काठी यांच्या साहाय्याने नदीतील वा जलाशयातील महाशीर मासा पकडण्याचा हौशी क्रीडाप्रकार. उदरनिर्वाहासाठी केलेल्या मासेमारीत किती मासळी मिळाली यास महत्त्व असते. मत्स्यपारधीत मासा आणि पारधी यांच्यामधील झुंज हाच मुख्य आनंद असतो. पॅसिफिक महासागराच्या उत्तर किनाऱ्यालगत कोहो सॅमन या माशाला जे स्थान आहे, ते भारतातील गोड्या पाण्यात महाशीरला आहे. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने द रॉड इन इंडिया (१८७३) या ग्रंथात सॅमनशी तुलना करून महाशीरला झुंजीत सरस ठरविले. तेव्हापासून या माशाची कीर्ती परदेशी हौशी पारध्यांमध्ये पसरली.

पद्धती : आमिष लावलेला गळ पाण्यात स्थिर ठेवणे, चकाकणारे कृत्रिम आमिष दूर फेकून चाकावर दोर गुंडाळीत ते ओढून आणणे आणि चालत्या होडीमागे आमिष ओढीत नेणे, अशा तीन मुख्य पद्धती आहेत. तिसऱ्या पद्धतीस ट्रोलिंग म्हणतात. कोहो सॅमनसाठी ती विशेष वापरली जाते. हा मासा समुद्रात बहुधा वरच्या थरांत हिंडतो. म्हणून यांत्रिक होडी ताशी सु. ४ ते ५ किमी. वेगाने चालवून तिच्यामागे धातूची चमकती पट्टी आणि लहान माशाच्या आकाराचे आमिष ओढतात. आमिष अधिक खोल न्यावयाचे झाल्यास दोराला शिशाचे वजन जोडतात. जलाशयातील महाशीरसाठी होडी संथपणे वल्हवितात आणि चमच्याच्या आकाराचे फिरते आमिष तिच्यामागे बऱ्याच अंतरावर सोडतात. जेथे ओढे व नद्या जलाशयाला मिळतात, तेथील वाहते व प्राणवायुयुक्त पाणी महाशीरला मानवते. म्हणून अशा जागा यासाठी निवडतात. मासा आमिषाला लागताच होडीच्या गतीमुळेच गळ त्याच्या तोंडात रुततो. त्यानंतर तो जी पहिली धाव घेतो ती सर्वांत जोरकस असते. चाकावरील दोर या वेळी ताण ठेवून सुटू द्यावा लागतो, अन्यथा दोर तुटतो.

महाशीरच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. जाड ओठ व मजबूत तोंड यांच्या दाबाने तो कच्चा गळ वाकवितो वा मोडतो. कर्नाटकातील कबिनी नदीत १९४६ मध्ये गळाने पकडलेला १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) वजनाचा महाशीर विक्रमी मानला जातो.

पुणे परिसर : दख्खनच्या महाशीरचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री असे आहे. मराठीत त्यास खडस, खडशी असेही म्हणतात. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करणारा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याने १८३९ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठा नदीतील होता. आपण वर्णिलेल्या अनेक माशांप्रमाणे याही माशाचे जातिनाम त्याने स्थानिक बोलीतून घेतले. अशा रीतीने पुण्याची नदी या माशाच्या नावाशी कायमची जोडली गेली.

आंबी, मोशी व मुठा या नद्यांचे पाणी खडकवासला जलाशयात येते. तेथून मुठा नदी नांदेड, धायरी, वडगाव या गावांच्या परिसरातून पुणे शहरात शिरते. धायरी २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. महाशीरला स्वच्छ वाहते पाणी, दगडगोट्यांचा तळ आणि पावसाळ्यात प्रजननासाठी प्रवाहाविरुद्ध वर जाण्यास मोकळी वाट लागते. पानशेत, वरसगाव, टेमघर व खडकवासला या धरणांनी ती वाट अडविली. शहरातील सांडपाण्याने खालच्या पात्रात महाशीरला राहण्याजोगे पाणी उरू दिले नाही. याउलट इंद्रायणीकाठी देहू, तसेच रायगड जिल्ह्यातील वाळणकोंड अशा ठिकाणी देवाचे मासे म्हणून त्यांस न मारण्याची प्रथा असल्यामुळे त्यांना दीर्घकाळ आश्रय मिळाला.

संवर्धन व त्याचा धडा : टाटा वीज कंपन्यांनी लोणावळ्याजवळील वळवण येथे १९७० नंतर महाशीरचे बीजोत्पादन केंद्र चालविले. सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी तेथे कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले. या केंद्रातील बोटुकली टाटांच्या तलावांत व इतर राज्यांतही सोडण्यात आली. एका दुर्मिळ होत चाललेल्या माशाचे बीज हवे तेव्हा मिळू लागले, हे या प्रयत्नाचे मोठे यश होय.

या यशाची दुसरी बाजू कावेरी नदीत दिसून आली. तेथे मत्स्यपारधीस उत्तेजन मिळावे, या हेतूने दख्खनचा महाशीर सोडण्यात आला होता. तेथील मूळ रहिवासी मात्र पाठीवर उंचवटा असलेला, याहून पुष्कळ मोठा होणारा दुसरा महाशीर होय. गळशिबिरात १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा मूळ जातीचे प्रमाण घटत गेले आणि नवागत जातीचे वाढत गेले, असे आढळले. मूळ जातीची टॉर रेमादेवी म्हणून २०१८ मध्ये निश्चित ओळख पटली आणि त्याच वर्षी तिचा अतिसंकटग्रस्त वर्गात समावेश झाला. हौशी पारध्यांनी ठेवलेल्या नोंदींमुळेच ही हानी उघडकीस आली, हे लक्षणीय आहे.

आचार : पकडलेला महाशीर जिवंत सोडून देण्याची प्रथा आता रूढ आहे. त्यासाठी उलट काटा नसलेला गळ वापरणे, हात ओले करून मासा धरणे, त्यास पाण्याबाहेर अल्प काळच ठेवणे आणि थकवा जाईपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून आधार देणे आवश्यक असते. प्रजननकाळात पारध टाळतात. महाराष्ट्रातील अनेक जलाशयांचे मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. म्हणून पूर्वपरवानगी घ्यावी लागते. प्रत्येक माशाची जात, लांबी, स्थळ व दिनांक यांची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

एकाच जातीचा मासा आपल्या मूळ नदीत नाहीसा होऊ शकतो आणि परक्या नदीत उपद्रवी ठरू शकतो. म्हणून केवळ बोटुकली सोडल्याने मत्स्यपारधीचे भवितव्य सुरक्षित होत नाही. ज्या नदीचा मासा त्या नदीचे पाणी व वाट राखणे, हाच त्याचा खरा आधार होय.